गाठ लिवू नोका

तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या एका मोठ्या जलवाहिनीवर एक गळती होती. त्या गळतीवर वीस-बावीस घरं पाणी भरत होती. मी तिच्याबद्दल लिहिलं आणि ती बंद झाली. झालं ते एवढंच. पुढे जे लिहिणार आहे ते या तीन-चार वाक्यांभोवती घातलेले फेरे आहेत, आणि हे फेरे मी बरेच दिवस घालतो आहे. घरात, वर्गात, एसटीत.

मी अमरावतीत एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. माझा अभ्यासाचा विषय दुरुस्ती हा आहे. धरण बांधलं की पाटी लागते, फोटो निघतात. त्यानंतर ते पाणी वर्षानुवर्षं चालू कोण ठेवतं, हातात पाना घेऊन कोण फिरतं, याची नोंद कुठे नसते. ती नोंद करणं हे माझं काम, असं मी स्वतःला सांगत आलो. लग्नाकार्यात हे समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. एकदा पंगतीत माझ्या चुलतसासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्याने विचारलं, "म्हंजे जवाईबापू, तुमी पलंबर लोकाईचे प्रोफेसर व्हय का?" पंगत हसली. मीही हसलो. तेव्हा घरच्या टाकीचा बॉलकॉक दोन महिन्यांपासून गळत होता. परत येताना बायको म्हणाली, "त्यांना सांगायचं होतं ना, पलंबरचे प्रोफेसर आहेत म्हणूनच घरचा वायसर बदलत नाहीत."

मी मूळचा दर्यापूरकडचा. आमच्याकडे, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, जमिनीच्या पोटात पाणी आहे पण ते खारं. विहीर खोदा, बोअर मारा, खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. लहानपणी घरी पाहुणा आला की आई आधी शेजारच्या भिंतीकडे जायची आणि हळू आवाजात विचारायची, "गोडं पानी हाय का वं तांब्याभर?" ते मागताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. म्हणून, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून निघून खाली खाऱ्या पट्ट्यातल्या गावांना गोडं पाणी नेणारी ती वाहिनी मी अभ्यासाला घेतली. त्यात विद्येपेक्षा आईचा तो चेहरा जास्त होता. निदान सुरुवातीला होता.

अकोल्याच्या पाणीपुरवठा कार्यालयातून परवानगी मिळाली आणि त्यांनी मला एका फिटरकडे सोपवलं. पन्नाशी ओलांडलेला, काटक, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला माणूस. वाहिनीचा चर खोदला गेला तेव्हा हा त्यात मजूर होता. नंतर ठेकेदार बदलत गेले, हा लाइनीवरच राहिला. मोटारसायकलच्या हँडलला नातीचं जुनं दप्तर अडकवलेलं. त्यात पाने, सुतळी, सांध्यांना लावायच्या सफेद्याचा डबा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. दप्तरावर एक परी होती, तिचे पंख सफेद्याने माखलेले.

"सर, मांगं बसा," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "पन पाय वर घ्या, सायलेन्सर तापते. मांगच्या सायबाची प्यान्ट जळाली, त्यानं माह्याच नावानं रिपोट केला."

मी वर्षभर त्याच्यामागे बसून फिरलो. पाइपला पाना टेकवून, पान्याच्या दुसऱ्या टोकाला कान लावून तो आतलं पाणी ऐकायचा आणि सांगायचा, पुढे दोन शेतांवर फुटलंय. तिथे फुटलेलंच असायचं. मी डायरीत लिहून घ्यायचो. तो थांबून माझं लिहिणं संपेपर्यंत वाट पाहायचा, जसं बैलाला पाणी पिऊ द्यावं तसं.

ती वस्ती एका उंचवट्याशी, सरकारी गायरान जमिनीवर होती. वीटभट्ट्यांवर आणि कापूस वेचायला आलेली माणसं, येऊन थांबलेली. आता त्यांची नातवंडं शाळेत जातात, पण ग्रामपंचायतीच्या कागदावर ती घरं नाहीत, म्हणून पाण्याच्या योजनेतही नाहीत. वाहिनी मात्र त्यांच्या दारासमोरून जाते. उंचवट्यावर तिला एक एअर व्हॉल्व्ह आहे. लाइनीत अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून बसवलेलं ते लोखंडी तोंड. आत रबरी गोळा असतो. रबर झिजलं की त्यातून पाणी येतं. लाइनीला दर तिसऱ्या दिवशी पाणी सुटायचं, आणि त्या दिवशी वस्तीतल्या बाया हंडे घेऊन तिथे यायच्या.

ही गळती पक्की बंद केली की पुढच्या पाळीला कोणीतरी दगडाने व्हॉल्व्हचं तोंड फोडायचं. मग कारंजं उडायचं आणि खालच्या गावांचं पाणी चिखलात जायचं. तशीच सोडली तर आणखी वाईट. लाइन बंद झाल्यावर पाइप श्वास घेतल्यासारखा हवा आत ओढतो, आणि तोंडाशी साचलेला चिखल, डुकरांची घाण सगळं त्याबरोबर आत जाऊन पुढच्या दहा गावांच्या हंड्यांत उतरतं. फिटरने दोन्ही करून पाहिलं होतं. शेवटी त्याने मधला मार्ग काढला. ट्यूबची पट्टी आणि सुतळी यांनी तो व्हॉल्व्ह असा बांधायचा की करंगळीएवढी स्वच्छ धार चिखलाच्या वर पडायची, आणि पाण्याचा जोर कमी झाला की ती आपोआप मिटायची. घाण आत जायची नाही, कोणी दगड घ्यायचं नाही. पट्टी महिना-दीड महिना टिकायची. मग तो पुन्हा येऊन बांधायचा. कार्यालयाच्या रजिस्टरात दरवेळी लिहिलं जायचं, गळती दुरुस्त केली.

गाठ कशी होती ते मी इथे सांगणार नाही.

तिथे एक रीत होती. बांधून झालं, धार पडायला लागली, की वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई पहिला लोटा भरायची आणि फिटरच्या हातात द्यायची. त्याने प्यायल्याशिवाय कोणी हंडा लावायचं नाही. तो प्यायचा. ती समोर उभी राहून विचारायची, "कसं हाय?" आणि तो म्हणायचा, "पानी हाय, माय." दरवेळी हेच दोन बोल. मग हंडे.

मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी प्यालो म्हंजे माह्या हाताची ग्यारंटी. घाण बांधली असन त पयले मलेच जुलाब लागतीन."

"आन् यायले लागले होते एक डाव," म्हातारी म्हणाली.

"थे शेवभाजीनं, माय."

"हाव, शेवभाजीच असन," ती म्हणाली, आणि बाया हसल्या.

मी रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडून पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र आणलं होतं. वस्तीच्या बोअरच्या पाण्यात ते बुडवून बसलो. म्हातारी वाकून पाहत होती.

"त्यात काय दिसते, मास्तर?"

"आकडा."

"मंग पिऊ का नोको पिऊ, थे नाई सांगत का थे?"

"ते डॉक्टर सांगतात."

"डॉक्टर म्हनते मीठ कमी खा," ती म्हणाली. "आता पान्यातलं कसं वेचू?"

मी हेही लिहून घेतलं. तेव्हा मला वाटलं, किती बोलकं वाक्य मिळालं.

शोधनिबंध इंग्रजीत लिहिला. माणसाचं नाव बदललं, गाव काढलं, तालुका काढला, जिल्हा काढला. ओळख लपवणं हे आमच्या विद्येतलं पहिलं पथ्य आणि मी ते वर्गात दरवर्षी शिकवतो. मात्र गाठीवर मी पाच पानं लिहिली. आकृती काढली. फोटो दिला, त्यात फक्त व्हॉल्व्ह आणि दोन हात. माझा हेतू वाईट नव्हता. जे शिकलेल्या इंजिनिअरला सुचलं नाही ते ज्ञान या हातांत आहे, ते कागदावर यावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्याच निबंधात मी असंही लिहिलं होतं की लाइनीवरच्या माणसांत प्रत्येकाची बांधणी वेगळी असते आणि जाणकार ती लांबून ओळखतात, जसं पेपर तपासणाऱ्याला आपल्या विद्यार्थ्याचं अक्षर ओळखू येतं. हे वाक्य मी स्वतः लिहिलं, तीनदा तपासलं, आणि त्याच्याच खाली फोटो चिकटवला.

त्याची संमती घेतली होती. छापील फॉर्म, इंग्रजी. मोटारसायकलच्या सीटवर ठेवून त्याने सही केली आणि विचारलं, "यात काय लिवलं हाय?"

"तुमचं नाव कुठेही येणार नाही, असं."

"आलं त काय व्हते? चांगलंच हाय नं."

मी त्याला ओळख लपवण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तो मान हलवत राहिला.

निबंध पुण्यात वाचला, लोकांना आवडला, छापून आला. मग मला हुरूप आला. आमच्या महाविद्यालयात मी एक कार्यशाळा ठेवली आणि अकोल्याच्या कार्यालयातल्या लोकांना आग्रहाने बोलावलं. त्यांच्याच माणसाची किंमत त्यांना कळावी, असा माझा बेत होता. पडद्यावर तो फोटो आला. मी दोन वाक्यं बोललो असेन. दुसऱ्या रांगेतला एक तरुण कनिष्ठ अभियंता शेजाऱ्याला म्हणाला, "अबे, हे त आपल्या..." आणि त्याने फिटरचं नाव घेतलं. "गाठ पाह्य ना. दुसऱ्या कोनाची नाई अशी."

तो कौतुकाने बोलला होता. आजूबाजूचे हसले तेही कौतुकाने. मी बोलत राहिलो. बोलायची सवय अशी की तोंड थांबत नाही. पहिल्या रांगेत त्या भागाच्या मुख्य अभियंता बाई बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून पेन काढलं, काहीतरी टिपलं आणि टोपण लावून ठेवून दिलं. जेवताना त्यांनी विचारलं, "सर, हे कुठल्या भागातलं?"

"ते सांगता येत नाही, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पोळीचा तुकडा मोडला.

आठवड्याने फिटरचा फोन आला. मी वर्गात होतो, बाहेर येऊन घेतला.

"सर, आज नवीन व्हॉल बसोला तिथं. तुमाले सांगतलं, बस."

"नवीन? कोणी बसवला?"

"मीच. वरतून झाकण, त्याले कुलूप. माह्याच हातानं बसोला. दुसऱ्याले देल्लं असतं त लीकेज राह्यलं असतं."

वर्गात परत गेलो. कुठवर आलो होतो ते आठवेना. मुलांनी सांगितलं. तरी आठवेना.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून अकोटची एसटी, तिथून जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी भाजीची पिशवी होती आणि मी ती घट्ट धरून बसलो होतो. वस्तीत म्हातारीने मला खाटेवर बसवलं आणि चुलीवर चहा ठेवला. दूध टाकलं, ते फाटलं. तिने तो ओतून दिला, पुन्हा ठेवला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तिने दूध टाकलंच नाही. काळा, खारट चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "टाका नं आता तुमची मशीन यात. पाहू काय म्हनते."

मी पूर्ण प्यालो. तिने आणखी घेता का विचारलं. मी घेतला.

बाया आता पुढच्या गावाहून हंडे आणत होत्या. तिथल्या नळावर आधी त्या गावचे, मग हे. जायला अर्धा तास, यायला जास्त. फिटर थोडा दूर, मोटारसायकलला टेकून उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. तो माझ्याकडे न पाहता दप्तराची चेन लावत होता, ती आधीच लागलेली होती.

"तुम्ही मला काही बोलत का नाही?" मी विचारलं.

"काय बोलू? तुमी खरंच लिवलं. खोटं लिवलं असतं त काई झालं नसतं." मग म्हणाला, "मले वाटे, तुमाले कळते काय लिवाचं नसते थे. मी त सांगतलंच नाई तुमाले. माह्यं बी चुकलंच."

त्याचं चुकलं, असं तो म्हणाला. त्या वाक्यावर मी अजून झोपू शकत नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. झोप येते. जागेपणी मात्र मी कुठे बसू शकत नाही.

त्याच आठवड्यात अकोल्याला गेलो. मुख्य अभियंता बाईंनी चहा मागवला, तो दुधाचा होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, लाइनीच्या शेवटच्या गावाच्या बाया रिकामे हंडे घेऊन इथे या खोलीत येऊन गेल्या आहेत. तुमच्या त्या धारेमुळे त्यांचं पाणी थांबलं असं मी म्हणत नाही. पण मला दिसल्यावर मी न पाहिल्यासारखं कसं करू?"

"तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"कानावर होतं. कानावरचं चालतं. तुम्ही पडद्यावर दाखवलंत, माझ्या कनिष्ठांसमोर."

मी म्हणालो, मी खुलासा छापतो की तो व्हॉल्व्ह कल्पित होता. त्यांनी माझ्याकडे थोडं आश्चर्याने पाहिलं. "छापा. पण मग बाकीच्या निबंधाचं काय करणार?"

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही: खुलासा छापून कुलूप निघालं नसतं हे खरं असलं, तरी मी तो छापला नाही त्याचं कारण ते नाही. माझ्या पदोन्नतीच्या फाइलीत तो निबंध लावलेला होता. बाईंच्या खोलीतून बाहेर पडून जिना उतरेपर्यंत मला त्या फाइलीची आठवण झाली, आणि खालच्या पायरीवर मी खुलाशाचा विचार सोडून दिला होता. समोरच्या गाडीवर आलुबोंडा-रस्सा खाल्ला. खाल्ला हे मागून, शर्टावरच्या डागावरून कळलं. पदोन्नती झाली.

बाईंनी एक वाट सांगितली होती. वस्तीने सार्वजनिक नळासाठी अर्ज करावा, ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा, त्या पुढे पाठवतील. मला ते बुडत्याला काडीसारखं वाटलं. दोन दिवस बसून मी अर्ज तयार केला. मराठीत, सोप्या भाषेत, यावेळी अगदी सगळं त्यांना समजेल असं. घरटी एक नाव, पुढे सहीची जागा. वस्तीत जाऊन मोठ्याने वाचून दाखवला. म्हातारी चुलीजवळ बसून ऐकत होती. फिटरही आला होता.

"नावं कोनाची लिवली?" तिने विचारलं.

"सगळ्यांची. घरटी एक."

"आन् जागा कोनती लिवली?"

"गायरान, गट नंबर अमुक."

मग तिचा मुलगा म्हणाला, "म्हंजे आमी गायरानात बसलो हाओ, हे आमच्याच सहीनं लिवून द्याचं."

"त्याशिवाय नळ मिळणार नाही," मी म्हणालो.

म्हातारी उठली. तिने माझ्या हातातून अर्ज घेतला, त्याची नीट चार घडी केली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. वर हाताने थापटलं. "एका कागदानं पानी गेलं, मास्तर," ती म्हणाली. "दुसऱ्यानं घर जाईन. ऱ्हाऊ द्या."

फिटर मला जीपच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "सर, तुमी लिवल्याबिगर नाई राहू शकत का?" तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर मी बरेच रविवार तिकडे गेलो. काय करायला, ते माहीत नव्हतं. कधी हरभऱ्याची पिशवी न्यायचो, कधी शाळेच्या वह्या. ते घ्यायचे. एका रविवारी सकाळी मी बुटाची नाडी बांधत होतो, तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली. "तुम्ही तिकडे त्यांच्यासाठी जाता की स्वतःसाठी?" मी नाडी सोडून पुन्हा बांधली. ती म्हणाली, "जा. बस चुकेल." मी गेलो. दर्यापूरला उतरलो, स्टँडवर एक तास बसलो, परतीच्या गाडीने घरी आलो.

वर्गात तोच धडा पुन्हा आला, माहिती देणाऱ्याची ओळख लपवणे. एका मुलीने विचारलं, "सर, नाव बदललं की पुरे का?" मी म्हणालो, नाही. ती पुढचं लिहून घ्यायला पेन धरून बसली. मी फळा पुसायला लागलो, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता फिटरचा फोन आला.

"सर, काई दिवस इकडं येऊ नोका."

"का? काय झालं?"

"काई नाई झालं. तुमी आले की लोक पाह्यतेत. एवढा प्रोफेसर काहून येते म्हनते. मंग सायबाची गाडी बी थांबते."

मी विचारलं, "पाणी?"

तो मग म्हणाला, "अमरावतीत ऊन लय असन नं?" ऑक्टोबर होता, ऊन होतंही. मी म्हणालो, हो, आहे. आम्ही बराच वेळ उन्हावर बोललो.

पुढे त्याने लाइनीचं काम सोडलं, गुडघे गेले. हे लिहायच्या आधी मी त्याच्या घरी जाऊन विचारून आलो. दप्तर खुंटीला होतं. तो म्हणाला, "लिवा. मी त आता घरीच हाओ, मले कोन काय करते? पन गाठ लिवू नोका. आन् गाव बी नोको." मग म्हणाला, "माह्यं नाव टाका आता तरी." मी म्हणालो, नाव आलं तर गावही येईल. तो नाराज झाला. "दरखेप मलेच खोडता तुमी," असं म्हणाला आणि नातीला चहा ठेवायला सांगितलं. तेव्हा तेल्हारा म्हटलं आहे ते तेल्हाराच समजू नये. बाकीही एक-दोन गोष्टी मी हलवल्या आहेत. त्या कोणत्या हे विचारू नये.

या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याच्या लग्नाला हिवरखेडला गेलो होतो. दुपारी परतीच्या एसटीसाठी थांब्यावर उभा होतो. निंबाच्या सावलीत म्हातारी बसली होती. मांडीशी गाठोडं, बाजूला फडक्यात गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली. मी ओळखलं, पण पुढे जायचं धाडस झालं नाही. तिनेच हाक मारली.

"मास्तर. वाळले तुमी."

"तुम्ही बऱ्या आहात?"

"हाओ आपली. लेकीकडं जाऊन रायली. बसा नं, उभे काहून?"

बसलो. ती सुनेबद्दल बोलली, नातू दहावीला बसला त्याबद्दल बोलली. मी घाम पुसत होतो. एकदम तिने फडकं सोडलं आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"प्या. घरचं हाय."

मी बाटलीकडे पाहिलं. कुलूप लागल्यापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती त्या बाटलीत होती. खारं की गोडं, हे माझ्या जिभेला एका घोटात कळतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, मी दर्यापूरकडचा आहे. फोनवर मी ते विचारलं होतं, उत्तर उन्हाचं आलं होतं. तिलाही हे माहीत होतं, असं तिच्या डोळ्यांवरून वाटलं. तिने हात मागे घेतला नाही.

मी प्यालो. दोन घोट, मग तिसरा.

"कसं हाय?" तिने विचारलं.

"पाणी आहे, माय," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

रस्त्याच्या वळणावर एसटी दिसली. सवयीने माझा हात खिशातल्या डायरीकडे गेला होता. तिने ते पाहिलं. मी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तिचं गाठोडं उचलून घेतलं.